पतंगाची कण्णी

कण्णी म्हणजे पतंगाच्या काड्यांना बांधलेला आणि पतंग मांज्याला जोडणारा दोऱ्याचा फास होय. पतंग सरळ चढणे, गिरक्या घेणे किंवा एका बाजूस झुकणे हे बऱ्याच अंशी कण्णीवर अवलंबून असते. पुण्यात मकरसंक्रांतीच्या सुमारास रविवार पेठेतील बोहरी आळीत पतंगांची विक्री होते.

रचना
चौकोनी कागदी पतंगाला बांबूची एक उभी काडी आणि एक आडवी, वाकवलेली कमान असते. कण्णीचे वरचे टोक दोन्ही काड्यांच्या छेदावर, तर खालचे टोक उभ्या काडीच्या खालच्या भागात बांधतात. दोन्ही पदर जेथे एकत्र येतात, तेथे गाठ मारून मांजा जोडतात.

समायोजन
मंद वाऱ्यात दोन्ही पदर साधारण समान ठेवतात. जोरदार वाऱ्यात खालचा पदर किंचित लांब ठेवल्यास पतंगाचे वरचे टोक पुढे झुकते, वाऱ्याशी होणारा कोन कमी होतो व ओढ घटते. खालचा पदर फार आखूड झाल्यास पतंग वाऱ्याला आडवा येतो आणि नीट चढत नाही.

पतंग सतत एकाच बाजूस वळत असेल, तर कमानीच्या दोन्ही बाजूंची लवचीकता व वजन तपासतात. अधिक ताठ बाजू थोडी तासतात किंवा वळण्याच्या विरुद्ध बाजूच्या टोकास कागदाची लहान पट्टी लावून तोल साधतात. मांजा ताणल्यावर कमान वाकते व पतंग टोकाच्या दिशेने सरळ जातो. ढील दिल्यावर तो सपाट होऊन फिरू लागतो. त्यामुळे ढील दिल्यावरचे फिरणे हा दोष मानला जात नाही.

काइटबोर्डिंगमधील दोर
या जलक्रीडेतील पतंगाला सामान्यतः चार दोर असतात. पुढचे दोन मुख्य भार पेलतात, मागचे दोन दिशा देतात. मागच्या दोरांपैकी एक आखूड असल्यास पतंग त्या बाजूस वळतो. दोरांची टोके एका खुंटीला अडकवून व समान ताण देऊन लांबीतील फरक शोधतात. वापराने पुढचे दोर अधिक ताणले गेल्यास मागचे तुलनेने आखूड ठरतात आणि पतंग मागे कोसळू लागतो.

सुरक्षितता
2018 साली पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात मांज्याने गळा कापला जाऊन दुचाकीस्वारांचे मृत्यू झाले. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन व अन्य कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. कण्णीसाठी व उडवण्यासाठी साधा सुती दोरा वापरता येतो.