एक माल्ट, एक हॉप आणि एक परवाना

साध्या, हलक्या एलची कृती चार ओळींत सांगता येते. २० लिटरसाठी मोड आणून भट्टीवर वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, सुमारे ४ किलो घेऊन भरडायचे आणि ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरू द्यायचे. धान्यातल्या पिष्टाची साखर होते. तो गोड काढा गाळून तासभर उकळायचा आणि उकळताना केंटकडच्या गोल्डिंग्ज हॉपची ५० ग्रॅम वाळकी फुले त्यात टाकायची. निवल्यावर यीस्ट घालून दोन आठवडे ठेवले, की चारेक टक्के मद्यार्काची सोनेरी एल तयार होते. इंग्लंडमधल्या स्वयंपाकघरातून ही कृती कशी बाहेर पडली आणि परत कशी आली, याचा माग काढताना पाककृतींपेक्षा करवसुलीचे कायदेच अधिक उपयोगी पडतात.

चौदाव्या शतकापर्यंत एल बनवणे हे तिथे बहुतांशी बायकांचे काम होते. अशा बाईला ‘ब्रूस्टर’ म्हणत. आज तो शब्द आडनावात उरला आहे. एलचे भाव आणि प्रत यांवर तेराव्या शतकापासून नियंत्रण होते. त्यापोटी झालेले दंड गावोगावच्या न्यायदप्तरांत नोंदले गेले, म्हणूनच या बायकांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली. त्यांच्या एलमध्ये हॉप नसे. ती थोड्याच दिवसांत आंबट होई, म्हणून लागेल तशी वरचेवर करावी लागे. हॉप समुद्रापलीकडच्या नेदरलँड्सच्या बाजूने आला. त्याच्या कडवट राळेमुळे पेय टिकू लागले, दूरवर पाठवता येऊ लागले. मोठी भांडी आणि भांडवल ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे धंदा गेला. १६०० पर्यंत तो मुख्यतः पुरुषांच्या हाती होता.

त्यानंतर तिजोरीची नजर वळली. १६९७ मध्ये माल्टवर कर बसला, १७११ पासून हॉपवरही. विक्रीच्या बिअरमध्ये हॉपऐवजी दुसरा कडू पदार्थ घालायलाही बंदी आली. १८१६ च्या कायद्याने तर विक्रीसाठी बिअर करणाऱ्यांना माल्ट आणि हॉप यांखेरीज काही वापरणेच मना केले. त्यात शुद्धतेचा आग्रह असेलही. पण ज्या दोन जिनसांवर कर होता, त्याच दोन वापरायच्या, हा हिशेबही उघड आहे. साखरेला मुभा मिळाली ती १८४७ मध्ये.

घरी एल करणारा बिअरवरच्या करातून सुटे, माल्टवरच्या नाही. विल्यम कॉबेटने १८२१-२२ मध्ये ‘कॉटेज इकॉनॉमी’ लिहिले ते याच रागातून. मजुराच्या घरातली एल करांनी हिरावली आणि तिच्या जागी चहा आला, ही त्याची तक्रार होती. मजुरांना त्याने एल करण्याची रीत खर्चाच्या आकड्यांसह समजावून दिली.

१८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून तो तयार होणाऱ्या बिअरवर बसवला. कारखानदाराला आता हवे ते धान्य, हवी ती साखर वापरता येऊ लागली. पण घरगुती एल यात पूर्णच निसटली असती, म्हणून तिला परवाना लावला गेला. लहान घरांना नुसता परवाना, मोठ्या घरांना कराचाही बोजा. दोनच वर्षे आधी, १८७८ मध्ये, मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला होता. ताडी-माडीच्या झाडांवर कर बसला आणि मोहाची दारू गावच्या भट्ट्यांतून उठून सरकारी देखरेखीच्या मोठ्या भट्ट्यांत गेली. पेये निराळी, मुलूख निराळे. पण घरोघर, गावोगाव होणारी गोष्ट मोजता येत नाही, ही अडचण दोन्हीकडे एकच होती. आपल्याकडे परवान्याविना घरी मद्य करणे आजही गुन्हा आहे.

इंग्लंडमधला परवाना रेजिनाल्ड मॉडलिंग यांच्या १९६३ च्या अर्थसंकल्पाने गेला. स्वतःपुरती एल करायला आता तिथे परवानगी लागत नाही. विकता मात्र येत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच केंब्रिजला पैदास झालेले ‘मॅरिस ऑटर’ जातीचे सातू बाजारात आले, आणि एकाच माल्टची एल करणाऱ्या अनेकांची पहिली पसंती आज तेच असते. १८१६ मध्ये कारखान्यांवर सक्तीने लादलेली माल्ट-हॉपची मर्यादा आता घरातली माणसे आपखुशीने पाळतात. कारण दोनच जिनसा असल्या, की प्रत्येकीची चव वेगळी ओळखू येते.