कॅलरीचा हिशोब : कोणी मांडला, कोणासाठी मांडला



हल्ली गावोगावी आरोग्य शिबिरं होतात. वजन, उंची, बीपी, साखर तपासून देतात. शिबिरातून परतताना एकीच्या कागदावर ‘वजन कमी करा’ लिहिलेलं असतं आणि तिच्याच शेजारणीच्या कागदावर ‘रक्त कमी आहे, पोटभर खा’. मग ओट्यावर चर्चा सुरू होते. कोणी म्हणते, मोबाईलवर कॅलरी मोजता येतात. कोणी म्हणते, भात बंद कर. कोणी रात्रीचं जेवणच सोडते. आज आपण या कॅलरीचा इतिहास बघू. ती आली कुठून, पहिल्यांदा कोणाच्या ताटावर लावली गेली आणि आपल्या कामाची किती, हे कळलं की कागदावरच्या आकड्याची भीती कमी होते.

चूल आणि शरीर

कॅलरी म्हणजे उष्णतेचं माप. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती आपल्या खाण्यातली एक कॅलरी. मराठी पुस्तकांत तिलाच उष्मांक म्हणतात. लाकूड चुलीत जळतं तसं अन्न शरीरात हळूहळू जळतं, हा विचार फ्रान्समधल्या लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने सव्वादोनशे वर्षांहून आधी मांडला. त्याने एका छोट्या प्राण्याला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजलं.

पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या प्राध्यापकाने माणूस राहू शकेल अशी बंद खोली तयार केली. माणूस आत राहायचा, जेवायचा, झोपायचा, व्यायाम करायचा, आणि त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता बाहेर मोजली जायची. त्याच्या कामातून आलेला हिशोब आजही पाकिटांवर छापतात : एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिनातून ४ आणि एक ग्रॅम तेल-तुपातून ९.

अ‍ॅटवॉटरला कोणाला बारीक करायचं नव्हतं. कामगारांच्या घरात कमी पैशात जास्त ताकद कशी पोचेल, हा त्याचा प्रश्न होता. म्हणजे कॅलरी मोजायला सुरुवात झाली ती भुकेच्या बाजूने.

एक पौंड धान्य

आपल्याकडे तर कॅलरी हा शब्द येण्याआधीच ताट मोजलं गेलं होतं. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात सरकारचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी खाली आणली. दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडी चिल्लर. आजच्या हिशोबाने ते धान्य १५०० ते १६०० कॅलरींचं होतं. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी सांगितलं की एवढ्यावर कष्टाचं काम होणार नाही, माणसं खंगतील. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुसरा एक आकडा त्याच्याशेजारी ठेवायचा आहे. २०२० मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ५५ किलो वजनाच्या बाईची रोजची गरज सांगितली : बैठं काम असेल तर १६६० कॅलरी, मध्यम काम असेल तर २१३० आणि अंगमेहनतीचं काम असेल तर २७२०. म्हणजे दिवसभर खुरपणारी, ऊसतोडीला जाणारी बाई जर मोबाईल बघून ‘मी रोज बाराशेच कॅलरी खाणार’ असं ठरवत असेल, तर ती टेंपलसाहेबाच्या मजुरीपेक्षाही खाली जातेय.

स्वातंत्र्यानंतरही हा हिशोब आपल्यासोबत राहिला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या गरिबीचा अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढासुद्धा खर्च ज्याला जमत नाही तो गरीब, असं त्यांनी धरलं. पुढे १९७९ मध्ये सरकारच्या गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या. त्यातूनच गरिबीची रेषा आखली गेली.

७२ चा दुष्काळ आपल्या सासवांना, आज्यांना आठवतो. खडी फोडायची, पाझर तलावावर माती वाहायची आणि मिळाली तर सुकडी. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. त्या पिढीला ‘अंगावर मूठभर मांस असावं’ असं वाटतं, त्यामागे हे सगळं आहे. सुनेला ‘बारीक झालीस गं’ म्हणताना त्यांच्या आवाजात काळजी असते.

मोजमाप बायकांकडे कसं आलं

हेच माप उलटं कधी फिरलं? १९१८ मध्ये अमेरिकेत ल्यूलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनी वजन आणि कॅलरीवर पुस्तक लिहिलं. त्यांनी स्वतःचं बरंच वजन उतरवलं होतं. त्यांनी बायकांना सांगितलं, यापुढे ‘एक पोळी’ म्हणू नका, ‘शंभर कॅलरीची पोळी’ म्हणा. तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. जास्त खाणं म्हणजे देशाचं धान्य वाया घालवणं, असं सांगितलं जायचं. पुस्तक तुफान खपलं. भुकेल्याला किती द्यावं यासाठीचं माप आता ‘तू किती कमी खातेस’ हे बघायला वापरलं जाऊ लागलं, आणि ते सगळ्यांत जास्त बायकांच्या मागे लागलं.

त्याच अमेरिकेत दुसरीही एक गोष्ट घडली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीला वजन उतरवायचं होतं. सरकारी दवाखान्याने आहार लिहून दिला होता, पण एकटीने तो पाळवेना. मग तिने मैत्रिणींना घरी बोलावलं. दर आठवड्याला बसायचं, कोणाचं काय चुकलं, कुठे मन घसरलं, ते मोकळेपणाने बोलायचं. त्या बैठकांतूनच १९६३ मध्ये वेट वॉचर्स नावाची कंपनी उभी राहिली. पुढे तो मोठा धंदा झाला. पण सुरुवातीची कल्पना आपल्या ओळखीची आहे. बचत गटात एकटीच्याने न होणारी बचत दहा जणींनी होते, तसंच.

पुण्याजवळची सहा गावं

आता आपल्या मातीतला अभ्यास ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या बाळांचं सुमारे ३.५ किलो. आपली बाळं लहान, पण पुढचं ऐकून नवल वाटेल. त्यांच्या अंगात मांस कमी होतं आणि चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं.

आणखी एक गोष्ट दिसली. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी बाळाच्या वजनाचा ठळक संबंध सापडला नाही. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. म्हणजे ताट किती भरलं यापेक्षा ताटात काय आहे, ते जास्त मोलाचं ठरलं.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी आपला आणि आपल्या इंग्रज मित्राचा, डॉ. युडकिन यांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा उंची-वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, अगदी सारखा : २२.३. पण तपासणीत इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून वजनकाटा आपल्या लोकांबद्दल अर्धंच सांगतो. ‘मी कुठे जाड आहे, मला कशी साखर होईल’ असं म्हणणाऱ्या बाईलाही साखर होते, त्याचं एक कारण हे आहे.

म्हणूनच भारतातल्या तज्ज्ञांनी आपल्यासाठी मापं खाली आणली. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा. उंची १५० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास पाच फूट असेल, तर ५२ किलोच्या वर सावध व्हायचं आणि ४२ किलोच्या खाली गेलं तर तीही काळजीच. बाईची कंबर ८० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असावी. त्याला शिवणकामाचा टेप पुरतो.

मोजायचं की नाही?

देशाच्या २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या २४ बायांचं वजन जास्त आढळलं, सुमारे १९ जणी फार बारीक होत्या आणि ५७ जणींच्या अंगात रक्त कमी होतं. वजन जास्त आणि रक्त कमी, हे एकाच बाईच्या बाबतीतही असू शकतं. तिने नुसतं जेवण निम्मं केलं तर वजन उतरेल, पण रक्त आणखी कमी होईल.

याला कारण आपलं बदललेलं जगणं. पहाटेचं जातं गेलं, पाण्याची हंडी कमी झाली, आणि ते बरंच झालं. त्या कष्टांनी बायांच्या कमरा मोडल्या. पण काम घटलं आणि त्याच वेळी घरात तेलाचे डबे, साखर, बिस्किटं, फरसाण वाढलं. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांवर एक प्रयोग झाला. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं अन्न, दोन्ही हवं तेवढं खायला. पाकीटबंद अन्नावर ती माणसं नकळत रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

कॅलरी न मोजता वजन उतरतं का? उतरतं. २०१८ मध्ये अमेरिकेतच ६०९ माणसांचा वर्षभराचा अभ्यास छापून आला. कोणालाही कॅलरीची मर्यादा घातली नव्हती. साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, घरचं शिजवलेलं खा, एवढं दोन्ही गटांना सांगितलं होतं. एका गटाने तेल-तूप कमी केलं, दुसऱ्याने पिठूळ पदार्थ. दोन्हींचं वजन सरासरी पाच-सहा किलो उतरलं.

मग आकडे टाकून द्यायचे का? तसंही नाही. प्रत्येक घास मोजण्यापेक्षा दोनच गोष्टी मोजू : तेल आणि साखर. कामाप्रमाणे माणशी रोज २० ते ३० ग्रॅम तेल पुरतं. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल तर माणशी रोज ३३ ग्रॅम पडतं, म्हणजे नुसत्या तेलाच्या ३०० कॅलरी. ते चार किलोवर आलं की वजनालाही बरं आणि खर्चालाही. चहात दोन चमचे साखर म्हणजे ४० कॅलरी. दिवसाला चार कप झाले की १६०. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज काही खाल्लं नाही’ म्हणायचं, तेही जरा तपासून बघा.

आणि ताटातून काढायचं काय, वाढायचं काय? भाकरी काढू नका. तिच्यासोबत डाळ किंवा उसळ, मेथी-चवळी-शेपू असं काही हिरवं, शक्य असेल तिथे दूध, ताक, अंडं वाढा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि भाजीचा रस्सा, हे बाईचं जेवण असू नये. शिळं संपवायचं म्हणून खाल्लेली चौथी भाकरीही अंगाला लागते आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर संपलेली उसळ अंगाला कमी पडते. दोन्हींचं मूळ एकच : घरात शेवटी जेवायची रीत. ती बदलली तर वजनाचा अर्धा प्रश्न हलका होईल.

गरोदर, अंगावर पाजणारी किंवा साखरेच्या गोळ्या, इन्शुलिन घेणारी बाई असेल, तर तिने जेवण सोडू नये. आधी आरोग्य केंद्रात विचारावं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी एक टेप ठेवा. प्रत्येकीने आपली कंबर मोजायची आणि महिन्याचं तेल किती लागलं ते लिहायचं. वजन लिहायचं तर लिहा, पण कोणाला हसू नका आणि कोणाचा आकडा बाहेर नेऊ नका. सहा महिन्यांनी वही उघडून बघा. आणि त्या सहा महिन्यांत किती जणी घरच्यांसोबत बसून जेवल्या, तेही त्याच वहीत लिहा.