दत्तक राजा आणि नगरची नजरकैद

१/ पारनेर तालुक्यातील सुप्यावरून जाणारा पुण्याचा रस्ता नगरला पोहोचतो. नगरच्या किल्ल्याचे नाव निघाले की चांदबिबी आठवते, नेहरूंचा कारावास आठवतो. मात्र २५ डिसेंबर १८८३ रोजी नगरमध्ये नजरकैदेत मृत्यू पावलेले वीस वर्षांचे छत्रपती फारसे कोणाला आठवत नाहीत. हा थ्रेड कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांविषयी.

२/ दत्तक हा तेव्हा संस्थानांच्या जीवनमरणाचा प्रश्न होता. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. १८५७ नंतर हे धोरण बदलले आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या.

३/ नोव्हेंबर १८७० मध्ये कोल्हापूरचे राजाराम महाराज इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. तेही दत्तकच होते. गादी रिकामी राहू नये म्हणून १८७१ मध्ये सावर्डेकर भोसल्यांच्या घरातील आठ वर्षांचे नारायणराव दत्तक घेण्यात आले. गोत्र, घर आणि नाव एका विधीत ठरले. गादीला वारस मिळाला. मुलाला काय मिळाले, हा प्रश्न त्या विधीत नव्हता.

४/ कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली चालला. किशोरवयात महाराजांचे वागणे बिघडल्याचे सांगितले जाऊ लागले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी ते वेडे ठरले. उलट, छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे, अशी महाराष्ट्रात बोलवा होती.

५/ ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

६/ संपादकांच्या कारावासाची कथा पाठ्यपुस्तकांत गेली. ज्याच्यासाठी ती घडली, तो तरुण नगरला हलवला गेला. त्याच्यावर ग्रीन नावाच्या गोऱ्या सैनिकाचा पहारा होता. त्याच्याशी झालेल्या झटापटीत पडून महाराजांची प्लीहा फुटली, असे सरकारी स्पष्टीकरण होते. लोकांचा संशय त्याने फिटला नाही.

७/ मार्च १८८४ मध्ये त्यांच्या विधवा पत्नी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक घेतले. हेच पुढचे राजर्षी शाहू. त्यांचे जन्मदाते जयसिंगराव स्वतः संस्थानचे रीजंट होते आणि १८८६ मध्ये निधन होईपर्यंत मुलाच्या जवळ राहिले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाकटे बंधू बापूसाहेब सोबत होते.

८/ गादी तीच आणि विधीही तोच. पण दुसऱ्या मुलाचे पहिले घर तुटले नाही. दोघांच्या आयुष्यातील फरक एवढ्याच कारणाने पडला, असा दावा करणे घाईचे ठरेल. तरीही तो फरक नजरेआड करता येत नाही.

९/ आज दत्तकविधान झाल्यावरही दोन वर्षे मुलाची विचारपूस करणारा पाठपुरावा नियमाने होतो. वागणे बिघडले तर समुपदेशनाची सोय असते. १८७१ मध्ये वारसाच्या हक्काची सनद होती. बिथरलेल्या मुलासाठी मात्र फक्त पहारा होता.