'पळून गेली' म्हणण्याआधी

आज बचतगटाच्या हिशोबाचं काही सांगणार नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. मुलगा घरातून नाहीसा झाला तर आपण म्हणतो, हरवला. सोळा-सतरा वर्षांची मुलगी नाहीशी झाली की म्हणतो, पळून गेली. त्यात तिला दिवस गेले असतील, ती नशा करत असेल, स्टेशनवर झोपत असेल, तर 'गेली ती गेली' असंही म्हणून मोकळे होतो. असं का बोलतो आपण? आणि अशा मुलीला शोधण्याची, दार उघडून आत घेण्याची आपल्या महाराष्ट्रात काही रीत होती का? होती. ती आपण जरा मागे जाऊन बघू.

साल १८६३, पुणं. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. गोवंडे हे जोतीराव फुल्यांचे मित्र. शेजारच्या एका शास्त्र्यानं तिला फसवलं, दिवस गेले. कुणाला सांगायची सोय नव्हती. बाळ झालं, तिनं ते मारलं आणि विहिरीत टाकलं. सरकारनं तिला जन्मठेप देऊन अंदमानला पाठवलं. शास्त्र्याला काय शिक्षा झाली, हे तुम्ही ओळखलंच असेल.

त्याच साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरात बाळंतपणाची सोय केली. पुढे तिला बालहत्या प्रतिबंधक गृह म्हणू लागले. ब्राह्मण वस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी छापील कागद चिकटवले. मजकुराचा अर्थ असा, की विधवांनो, इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर, ठेवलंत तर आम्ही सांभाळू. बाप कोण, हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. आम्हाला वाटतं, सगळी मेख तिथेच आहे. दारावर पहिला प्रश्न तोच विचारला असता तर एकही बाई आली नसती.

पुढे ४ डिसेंबर १८८४ ला जोतीरावांनी सरकारला एक टिपण लिहून पाठवलं. त्यात हिशोब आहे. तोवर पस्तीस गरोदर विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस गेली. का गेली, तेही त्यांनी लिहिलं आहे. पोट लपवण्यासाठी आयांनी जी विषारी औषधं घेतली असतील, त्यांनी बाळांना पोटातच इजा झाली होती. हा आकडा आम्ही पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ पुढचं वाचवेना. सावित्रीबाईंनी एवढं केलं आणि तरी पस्तीसांतली तीस गेली. दार उघडं होतं, पण बाया दारापर्यंत पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. लपण्यात गेलेले ते महिने बाळाला भोवायचे. १८७४ साली अशाच एका विधवेला झालेलं मूल फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. त्यांचं नाव संस्कृतच्या पांडित्यासाठी घेतात, पण दुष्काळात आईबाप गेल्यावर त्या वयात येतानाच बेघर झाल्या होत्या आणि भाऊ श्रीनिवासाबरोबर पायी देशभर हिंडल्या होत्या, हे कमी सांगितलं जातं. १८८९ साली त्यांनी मुंबईत चौपाटीला शारदा सदन काढलं. नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली, बाया घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. तिथेच समाजानं 'वाईट चालीच्या' ठरवलेल्या बायांसाठी कृपा सदन नावाचं वेगळं घर होतं. फुल्यांनी दार उघडून वाट बघितली, रमाबाई उठून शोधायला गेल्या. या मुलींच्या बाबतीत दोन्ही लागतं.

त्यानंतर सरकारचे कायदे आले. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली, मानखुर्दला मुलांची गृहं उभी राहिली. पण कायद्याच्या दारात आधी कागद भरावा लागतो, आणि घाबरलेली पोर कागद बघूनच मागे फिरते. ते असो.

आता उपनगरांकडे येऊ. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही नावं आपल्याला परकी नाहीत. सातारा, सांगली, जुन्नर भागातल्या किती घरांतला कुणी ना कुणी तिकडे चाळीत, झोपडपट्टीत राहायला गेला आहे. आपल्या मुलीही जातात. कुणी मामाकडे शिकायला, कुणी मावशीच्या बाळाला सांभाळायला, कुणी धुणीभांडी करायला. घरात भांडण झालं, कुणी अंगाला हात लावला, की पोर बाहेर पडते आणि स्टेशन गाठते. स्टेशनवर पाणी असतं, उजेड असतो, गर्दी असते. आणि नशाही असते.

ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर आली. तिला लोक गर्द म्हणत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं ते त्याच सुमारास. मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहे, पण तिथेही बायांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग व्हायला बरीच वर्षं लागली. कारण साधं आहे. नवरा पितो म्हणून बाई त्याला हाताला धरून आणते. बाईच नशेत असली तर तिला कोण आणणार? घरचे आधी तिला लपवतात, मग टाकतात.

रस्त्यावरच्या मुलांची नशा आणखी स्वस्त. चुका खोडायचं व्हाइटनर किंवा पंक्चर काढायचं सोल्यूशन फडक्यावर घेऊन हुंगायचं. भूक मरते, थंडी कळत नाही, भीती वाटत नाही. २०१९ साली केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात दिसलं, की हुंगायची नशा ही एकच अशी, जी मोठ्यांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांत जास्त आहे. मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. एखादी पोर हे हुंगते तेव्हा ती 'बिघडलेली' असते की भुकेली असते, हे आधी बघायला पाहिजे. आणि तिच्या पोटात बाळ असेल तर दोन जिवांचा प्रश्न. अशा नशेनं बाळ दिवस भरण्याआधी होऊ शकतं, वजन कमी भरू शकतं. पण म्हणून तिला खोलीत कोंडून सगळं एकदम बंद करायचं, हेही चुकीचं. गर्द किंवा रोजची दारू गरोदरपणी झटक्यात तोडली तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध देऊन करायचं काम आहे.

मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी मुलांसाठी फोनची सेवा सुरू केली. तीच १०९८. हा नंबर 'दहा-नऊ-आठ' म्हणून पोरांच्या तोंडात बसला. मुलांनी स्वतः फोन करावा, ही कल्पना तेव्हा नवी होती. आता ती सेवा सरकारकडे आहे आणि ११२ शी जोडली आहे.

पण ज्या पोरी फोन करू शकत नाहीत त्यांचं काय? इथे अंधेरीची गोष्ट सांगायलाच हवी. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात हरवलेल्या मुलींच्या १६६ तक्रारी त्यांच्याकडे आल्या. १६५ मुली सापडल्या. १६६ वी सापडली नाही. २२ जानेवारी २०१३ ला शाळेत जाताना ती नाहीशी झाली होती, वय सात. २०१५ साली भोसले निवृत्त झाले, तिचा फोटो मात्र पाकिटात ठेवून शोधतच राहिले. ४ ऑगस्ट २०२२ ला ती सापडली, सोळा वर्षांची झालेली, आपल्या घरापासून फार दूर नाही अशा ठिकाणी. एका जोडप्यानं तिला नेल्याचा, परराज्यात ठेवल्याचा आणि नंतर कामाला लावल्याचा आरोप आहे. तिला शोधलं कुणी? ती जिथे मूल सांभाळायची तिथल्या एका कामवाल्या बाईनं. पोरीची कहाणी ऐकून तिनं फोनवर जुनी माहिती शोधली, तर २०१३ चं हरवल्याचं पोस्टरच सापडलं. पोस्टरवरचे बरेच नंबर बंद झाले होते. एक लागला, तो शेजाऱ्याचा.

ही मुलगी गरोदर नव्हती, नशेत नव्हती. लहानगी होती, म्हणून तिच्यासाठी सगळ्यांचं मन हललं. भोसल्यांच्या यादीत मोठ्या मुलीही होत्या, पण पेपरात आली ती हीच. सोळाव्या वर्षी, पोट दिसत असताना नाहीशी झालेल्या मुलीचं पोस्टर आईबापच लावत नाहीत. नात्यात बोभाटा नको म्हणून तक्रारही देत नाहीत.

कायद्यानं मात्र हा भेद काढून टाकला आहे. १० मे २०१३ ला बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अठरा वर्षांखालचं कुठलंही मूल हरवलं की गुन्हा नोंदवायचाच, आणि त्याला पळवलं किंवा विकलं असावं असं धरून तपास करायचा. म्हणजे ठाण्यात कुणी 'चोवीस तास थांबा' किंवा 'पोराबरोबर गेली असेल, येईल' असं म्हणालं, तर ते मान्य करायचं नाही. चार महिन्यांत सापडली नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातं. रेल्वेत शोधायचं तर १३९ नंबर आहे, आणि स्टेशनवरचे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान २०१८ पासून 'नन्हे फरिश्ते' या नावानं हेच काम करतात.

मुलगी सापडली तर पुढे काय, ही भीती आयांना असते, आणि ती खोटी नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा धरत नाही. म्हणून ती गरोदर दिसली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. त्या भीतीनं मुली कूपर, राजावाडीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यांऐवजी कुठल्यातरी खोलीत जातात. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं थोडी वाट काढली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि पालकानं विनंती केली, तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. पालकाच्या लेखी संमतीनं आणि दोन डॉक्टरांच्या मतानं अशा मुलीचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. बाळ जन्माला आलं आणि ती सांभाळू शकत नसेल, तर बाल कल्याण समितीपुढे ते सोपवता येतं. सोपवल्यावरही विचार बदलायला तिला साठ दिवस मिळतात. ठेवायचं की न्यायचं ते तुझ्या मर्जीवर, हे फुल्यांनी भिंतीवर चिकटवलं होतं. त्याला कायद्याच्या पुस्तकात यायला दीडशे वर्षं लागली. आणि मुलांना दारू किंवा नशा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शिक्षा देणाऱ्याला आहे, पोरीला नाही. हे घरी नीट समजावून सांगा, कारण 'मला तुरुंगात टाकतील' म्हणूनच कितीतरी जणी परत येत नाहीत.

तक्रार द्यायला जाल तेव्हा अलीकडचा फोटो, वयाचा दाखला, अंगावरची खूण न्या. किती महिने झालेत आणि कसली नशा करते, तेही लाज न धरता सांगा. पोलीस मग दवाखाने आणि नशामुक्तीची ठिकाणं बघतात. नशेबद्दल विचारायला १४४४६ हा फुकट नंबर आहे. पोस्टर लावाल त्यावर घरच्यांच्या नंबराखाली गटातल्या दोघी-तिघींचे नंबरही घाला, आणि ज्यांचे घालाल त्यांनी सिम बदलू नका. पोस्टरवर तिच्या चारित्र्याचं काही लिहू नका. 'तू ये, कुणी काही विचारणार नाही' एवढंच लिहा, आणि ती आली की खरंच विचारू नका. आधी तिला जेवायला वाढा.