मक्ता आणि दायित्व : सार्वजनिक संस्थांच्या जबाबदारीचा एक इतिहास

मोबदला देऊन दुसऱ्याकडून काम पुरे करून घेण्याच्या व्यवहारास मराठीत मक्ता, ठेका, इजारा, कंत्राट असे अनेक शब्द रूढ आहेत. त्यांपैकी ‘मक्ता’ हा शब्द अरबी भाषेतील ‘तोडणे’ या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. ‘कंत्राट’ या युरोपीय शब्दाच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे, त्याचा अर्थ मात्र ‘एकत्र ओढणे’ असा आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून कायदा ठरत नाही, हे खरे. तरीपण या दोन धातूंत जो विरोध आहे, तोच विरोध कायद्याच्या इतिहासातही आढळतो. सार्वजनिक संस्थेने एखादे काम बाहेरच्या माणसाकडे सोपविले, की त्या कामातून उद्भवणाऱ्या अपायाशी तिचा संबंध तुटतो, की तो कायम राहतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इंग्लंडमधील विकास आणि त्याचा भारतातील अनुबंध पाहावयाचा आहे.

आरंभ 1799 सालच्या एका खटल्यापासून करणे सोयीचे होईल. एका घरमालकाने रस्त्याकडेच्या आपल्या घराची दुरुस्ती एका सर्वेक्षकाकडे सोपविली. त्याने सुताराशी करार केला, सुताराने गवंड्याला नेमले, गवंड्याने चुनेवाल्याकडून चुना मागविला आणि चुनेवाल्याच्या नोकराने तो चुना रस्त्यावर टाकला. त्या ढिगामुळे एका प्रवाशाची गाडी उलटली. घरमालक आणि तो नोकर यांच्यामध्ये चार माणसे उभी होती. तरीही न्यायालयाने घरमालकालाच जबाबदार धरले. काम त्याचे, जागा त्याची, लाभही त्याचाच, असा त्यामागील विचार होता.

हा विचार पुढील पिढीला पटला नाही. 1840 मध्ये एका निर्णयाने त्यास मर्यादा घातली. दोन वृद्ध स्त्रियांनी आपल्या गाडीसाठी घोडे व हाकणारा भाड्याने घेतले होते. हाकणाऱ्याच्या हयगयीमुळे अपघात झाला, तेव्हा तो त्या स्त्रियांचा नोकर नव्हे, म्हणून त्यांच्यावर दायित्व नाही, असे ठरले. 1849 साली हाच नियम एका रेल्वे कंपनीस लागू झाला. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने पुलाचे बांधकाम कंत्राटदारास दिले होते. त्याच्या मजुराच्या हातून दगड सुटला आणि पुलाखालून जाणारा माणूस ठार झाला. नालायक मजुरास कामावरून दूर करण्याचा अधिकार कंपनीने करारात राखून ठेवला होता. परंतु एवढ्याने ती त्या मजुराची धनी ठरत नाही, असा न्यायालयाने निर्वाळा दिला.

या निर्णयामागे त्या काळची आर्थिक घडी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. रेल्वेचे मोठे कंत्राटदार स्वतःच्या भांडवलावर, स्वतःच्या मजुरांकडून आणि स्वतःच्या हिकमतीने काम करीत. अशा स्वतंत्र व्यावसायिकाच्या चुकीचा भार दुसऱ्यावर का टाकावा, हा प्रश्न वरवर पाहता न्याय्यच होता. मात्र या नियमाने एकच गोष्ट विचारात घेतली : हत्यार ज्याच्या हाती होते, त्याला हुकूम देणारा कोण? रस्त्यावरून जाणाऱ्याला सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य मुळात कोणाचे होते, हा दुसरा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो प्रश्न पुढे आणला तो शहरांच्या वाढीने. 1848 आणि 1875 च्या सार्वजनिक आरोग्यविषयक कायद्यांनी इंग्लंडमधील स्थानिक मंडळांकडे गटारे, रस्ते व पाणीपुरवठा यांची कामे आली. ही कामे बहुधा कंत्राटदारांकडून करून घेतली जात. भररस्त्यात खड्डा खणण्याचा अधिकार सामान्य माणसाला नसतो. मंडळाला तो कायद्याने मिळतो. मग त्या अधिकाराबरोबर येणारी सावधगिरी मंडळाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधावी काय?

न्यायालयांनी याचे उत्तर टप्प्याटप्प्याने दिले. 1853 मध्ये शेफील्डमधील एका गॅस कंपनीने परवानगीवाचून रस्ता खणविला होता. तेथे सोपविलेले कामच बेकायदेशीर असल्यामुळे कंत्राटदाराकडे बोट दाखविण्याची तिला सोय राहिली नाही. 1864 च्या एका खटल्यात कायद्यानुसार घराचे सांडपाणी वाहून नेणारी मोरी रस्त्याखालून काढावयाची होती आणि रस्ता पूर्ववत करून देण्याचे बंधन होते. कंत्राटदाराने खड्डा नीट बुजविला नाही. वरिष्ठ न्यायालयाने असे ठरविले, की कायद्याने ज्याच्यावर कर्तव्य घातले आहे, त्याने ते पार पाडण्यास माणूस नेमला एवढ्याने ते पार पडत नाही. 1866 साली मर्सी गोदीच्या विश्वस्तांविरुद्धच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने आणखी एक आधार काढून घेतला. आम्ही नफ्यासाठी नव्हे, लोकहितासाठी काम करतो, हा विश्वस्तांचा बचाव अमान्य झाला. लोकहितासाठी असलेली संस्था हयगयीच्या बाबतीत खाजगी मालकाहून वेगळी नाही, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

या सर्व धाग्यांची गुंफण शतकाच्या अखेरीस दोन निर्णयांत झाली. 1896 चा खटला यॉर्कशरमधील आयडल या गावचा आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या मैलवाहिनीचे काम करताना कंत्राटदाराने गॅसच्या नळाखाली माती नीट दाबून भरली नाही. नळ फुटला, गॅस शेजारच्या घरात शिरला आणि स्फोट झाला. 1899 च्या विंबल्डनच्या खटल्यात रस्ता तयार करताना मातीचा ढीग दिव्यावाचून आणि कुंपणावाचून तसाच पडला होता. अंधारात चालणारी व्यक्ती त्यावर अडखळून पडली. दोन्ही ठिकाणी परिषद जबाबदार ठरली. ज्या कामात धोका स्वभावतःच अंतर्भूत आहे, त्यात धोका टाळण्याची तजवीज करणे हा कर्तव्याचाच भाग होय. ते कर्तव्य कंत्राटाने हस्तांतरित होत नाही, हे सूत्र येथे स्पष्ट झाले.

या सूत्राला एक मर्यादाही होती. कामाच्या स्वरूपाशी ज्याचा संबंध नाही, अशी कंत्राटदाराच्या माणसाची आनुषंगिक चूक मूळ संस्थेकडे जात नाही. 1912 च्या एका खटल्यात खिडकीच्या कठड्यावर सहज ठेवलेले लोखंडी हत्यार खाली पडून पादचारी जखमी झाला. ती अशी आनुषंगिक चूक मानली गेली. ही सीमारेषा सर्वत्र सारखी स्पष्ट नसते, आणि अनेक वादांचे मूळ तीच आहे.

संस्थेवर असे दायित्व टाकल्याने कंत्राटदार सुटतो, असे मात्र समजू नये. अपाय झालेल्याला भरपाई देऊन संस्था ती कंत्राटदाराकडून वसूल करू शकते. शेवटी भार कोणी सोसावा, हा त्या दोघांमधील हिशेब आहे. तो मिटेपर्यंत जखमी माणसाने किंवा मृताच्या कुटुंबाने ताटकळत राहू नये, एवढाच या नियमाचा आग्रह आहे.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. 1861 साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, किदरपूरच्या गोदीतील सरकारी मजुरांच्या हयगयीने एका कंपनीचा घोडा जखमी झाला, त्या प्रकरणी सरकारला जबाबदार धरले. पण त्याच निर्णयातून सार्वभौम आणि असार्वभौम कार्ये हा भेदही पुढे आला. त्या भेदाने सरकारला बराच काळ आसरा दिला. नगरपालिकादी संस्थांची स्थिती निराळी होती. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसे दगावली, तेव्हा 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने महानगरपालिकेला जबाबदार ठरविले. रस्त्यालगतच्या वास्तूच्या मालकाला आतील दोष माहीत नव्हता, हा बचाव तेथे टिकला नाही.

कंत्राटी मजुराविषयी कायदेमंडळाने याहून आधीच पाऊल टाकले होते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या 12 व्या कलमाने कंत्राटदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागण्याची आणि मालकाने ती कंत्राटदाराकडून वसूल करण्याची तरतूद केली. हे काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असावे, अशी अट होती. स्थानिक संस्थेचा धंदा तो कोणता, अशी शंका निघू नये म्हणून तिची कर्तव्ये हाच तिचा धंदा समजावा, असेही त्या कायद्याने सांगून ठेवले होते.

असे असूनही मैलवाहिनीत उतरून मेलेल्या माणसाच्या घरच्यांना संस्था कंत्राटदाराकडे पाठवीत राहिली. दिल्ली जल मंडळाच्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने ही वाट अडविली. मजूर कंत्राटदारामार्फत आला, म्हणून त्याच्या सुरक्षिततेचे कर्तव्य संस्थेला झटकता येत नाही, असे सांगून भरपाई 5 लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. 2013 च्या कायद्याने मैलवाहिनीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस नेमण्यास मनाई केली, ती ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ अशा दोन्ही रीतींनी. 2014 मध्ये मृत्यूची भरपाई 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख रुपये ठरली.

त्या तरतुदीतील ‘अप्रत्यक्ष’ या एका शब्दामागे सुमारे दोन शतकांचा वाद आहे. ‘जबाबदारी’ या फारसी वळणाच्या शब्दात जबाब आहे आणि ‘उत्तरदायित्व’ या संस्कृत शब्दात उत्तर आहे. दोन्ही शब्द विचारतात ते एवढेच, की विचारणा झाल्यास बोलावयाचे कोणी. आयडल गावच्या स्फोटापासून दिल्लीच्या मैलवाहिनीपर्यंतच्या निर्णयांनी त्याचे उत्तर दिले आहे. मक्त्याने काम तोडून देता येते, कर्तव्य तोडून देता येत नाही. मजूर जिवंतपणी मैलवाहिनीत उतरण्यापूर्वीच हे तत्त्व संस्थेच्या निविदांत आणि देखरेखीत उतरले, तरच ते खऱ्या अर्थाने प्रस्थापित झाले असे म्हणता येईल. तोपर्यंत त्याची आठवण होते ती भरपाईच्या हुकमात, आणि तेव्हा ज्याला ती हवी होती तो माणूस उरलेला नसतो.