जुन्या तैलचित्रांचा संग्रह व मूल्यनिर्धारण

जुन्या तैलचित्रांचा संग्रह व मूल्यनिर्धारण म्हणजे अल्पपरिचित वा अज्ञात चित्रकारांच्या तैलरंगातील कृती शोधून त्यांचा कर्ता, काळ व स्थिती ठरवणे आणि त्यावरून त्यांचे कलात्मक व आर्थिक मोल निश्चित करणे होय. महाराष्ट्रात अशी चित्रे प्रामुख्याने जुने वाडे, संस्थानिकांची घराणी, शाळा आणि ग्रंथालये येथे आढळतात.

पार्श्वभूमी

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या स्थापनेनंतर (१८५७) पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीने शिकलेल्या चित्रकारांची परंपरा महाराष्ट्रात रुजली. व्यक्तिचित्रण हे त्यांच्या उपजीविकेचे एक प्रमुख साधन होते. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांच्यासारख्यांची नावे टिकली. त्यांच्या अनेक समकालीनांची कामे मात्र स्वाक्षरी वा नोंद नसल्याने अनामिक राहिली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थ तलावात सोडल्याची आख्यायिका आहे. त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. सातारा जिल्ह्यातील औंध येथील श्री भवानी संग्रहालयातही या काळातील चित्रे पाहावयास मिळतात.

ओळख

घरोघरी 'तैलचित्र' म्हणून जपलेली अनेक चित्रे प्रत्यक्षात राजा रवि वर्मा यांच्या मुद्रणालयातील किंवा तत्सम शिळाछापे असतात. भिंगातून पाहिल्यास छाप्यात रंगांचे बारीक ठिपके दिसतात. तैलचित्रात कुंचल्याचे फटकारे व रंगाचे थर जाणवतात.

कर्तृत्वाबाबतही गफलत होते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे असूनही ते अनेकदा रवि वर्मा यांच्या नावावर सांगितले जाते. म्हणून केवळ ऐकीव माहितीवर विसंबता येत नाही. सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड चित्रकारांची माहिती पडताळण्यास उपयुक्त आहे.

मूल्य ठरवणारे घटक

कर्ता, विषय, आकार, स्थिती आणि मालकीचा इतिहास हे प्रमुख घटक होत. अल्पपरिचित चित्रकाराच्या बाबतीत मालकीचा इतिहास विशेष महत्त्वाचा ठरतो. मागील बाजूचा मजकूर, चौकटकाराची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक किंवा घरातील पत्रव्यवहार यांतूनच बहुधा कर्त्याचा माग लागतो. चौकट बदलताना हे पुरावे फेकले गेल्यास चित्र कायमचे अनामिक होण्याची शक्यता असते.

जतन

गडचिरोली व चंद्रपूर या वनजिल्ह्यांत कडक उन्हाळा आणि त्यामागोमाग येणारा दमट पावसाळा तैलचित्रांना घातक ठरतो. कॅनव्हास आळीपाळीने ताणला व सैल होत राहिल्याने रंगाला तडे जातात, पाठीमागे बुरशी चढते आणि लाकडी चौकटीला वाळवी लागते. चित्र बाहेरच्या भिंतीला थेट टेकवू नये, तसेच पाणी, साबण किंवा लिंबू वापरून पुसू नये. अशास्त्रीय सफाईमुळे रंगाचा वरचा थर व स्वाक्षरी नष्ट होऊ शकते. दुरुस्ती प्रशिक्षित संवर्धकाकडूनच करून घ्यावी.

कायदेशीर तरतुदी

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुने चित्र पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीस ते देशाबाहेर नेता येत नाही, तसेच पुरावस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो. रवि वर्मा यांच्या कृती 'कलानिधी' म्हणून घोषित असल्याने त्यांच्या निर्यातीवरही बंदी आहे.