उमरठच्या रानातली ठासणीची बंदूक

उमरठ म्हटले की तानाजी मालुसरे आणि ढाल-तलवार आठवते. पण पोलादपूरच्या या डोंगरपट्ट्याला साजणारे हत्यार पुढे कोणते ठरले, असे विचाराल तर माझे उत्तर आहे ठासणीची बंदूक. तिला मागासलेपणाची खूण समजणे मला पटत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात दोन बंदुकांचा वेगळा उल्लेख आहे: संरक्षण किंवा शिकारीसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक, आणि पीकराखणीसाठी ठासणीची. म्हणजे नाचणी-वरी पिकवणाऱ्याला कायद्यानेच दुसरी वाट दाखवली होती. बारा बोअरची दुनळी सरस, असा आक्षेप येईल. दोन बार झटपट निघतात आणि काडतूस पावसाला दाद देत नाही, हे खरेच. मात्र प्रत्येक बाराला विकतचे काडतूस लागते. ठासणीत दारू किती, छर्रा कोणता, हे माणूस स्वतः ठरवतो. पाखरांच्या शिकारीत रानकोंबडा झुडपातून भर्रकन उडाला की दुनळीचा दुसरा बार मोलाचा. बांधावर चरत असेल तर एकच पुरतो. ठासणीची बंदूक तर डुकरासाठी होती, असेही कोणी म्हणेल. होतीच, त्याच नळीत गोळी घातली की डुक्कर, छर्रा घातला की पाखरू. गरिबाच्या घरी एकच बंदूक परवडते, तेव्हा हाच गुण निर्णायक. पाखरांच्या हौशी शिकारीची वाट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवळली आणि १९९१च्या दुरुस्तीने बंद केली. आज रानकोंबडा मारणे गुन्हा आहे.